आखातातल्या शाळा खासगी झाल्या, तेव्हा अरब मुलांचं काय झालं?

एका शिक्षिकेने विचारलंय, थोडक्यात असं: 'मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आली तेव्हापासून आमच्या स्टाफरूममध्ये खासगीकरणावरून वाद चाललाय. एक सर म्हणतात, कतार-दुबईकडे बघा, सगळं खासगी केलं आणि दर्जा कुठल्या कुठे नेला. दुसऱ्या बाई म्हणतात, तिथे अरबांच्याच मुलांची वाट लागली. तिकडे शिकवलेलं कुणी आहे का?'

आहे. मी गणिताचा मास्तर, मूळचा सांगली जिल्ह्यातला. २००७ ते २०१२ दोह्यात, म्हणजे कतारच्या राजधानीत होतो, त्यानंतर शारजात आणि गेली काही वर्षं दुबईत. आता स्वतःचे तास कमी, दुसऱ्यांचे तास मागच्या बाकावर बसून बघणं जास्त.

तुमच्या सरांचं आणि बाईंचं भांडण मिटणार नाही, कारण दोघं दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देताहेत. कतारमध्ये पैसा सरकारचा होता, फक्त शाळा चालवायला बाहेरच्या माणसाला दिली होती. दुबईत पैसा पालकांचा, शाळा मालकाची, आणि सरकारकडे परवाना, तपासणी आणि फीचा लगाम. तुमची दत्तक योजना तर तिसरंच प्रकरण, तिथे देणगीदार आहे. शिवाय 'अरबांची मुलं' म्हणजे कोणाची? कतारी किंवा अमिराती (दुबई ज्या संयुक्त अरब अमिरातीत आहे तिथल्या) नागरिकांची, की नोकरीसाठी आलेल्या इजिप्शियन, सीरियन, पॅलेस्टिनी, जॉर्डनी माणसांची? नागरिकाला सरकारी शाळा फुकट आहे. अमिरातीच्या राज्यघटनेतच ते लिहिलंय, कलम १७. परक्या अरबाला तो आधार जवळजवळ नाही. एकाच धोरणाचा या दोन घरांवरचा परिणाम इतका वेगळा आहे की सरासरी काढण्यात अर्थ नाही.

आधी कतार, कारण तिथे मी स्वतः पोळलोय.

कतारने २००१ मध्ये अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेला बोलावलं (पुण्याच्या प्लेगमधल्या रँडशी काही संबंध नाही, पण नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलो होतो). त्यांच्या सल्ल्याने 'स्वतंत्र शाळा' निघाल्या. सरकार दर मुलामागे पैसे देणार, चालक करारावर शाळा चालवणार, शिक्षक तो नेमणार, पुस्तकं तो निवडणार. सप्टेंबर २००४ मध्ये पहिल्या बारा शाळा उघडल्या आणि पुढच्या सहा-सात वर्षांत मंत्रालयाच्या सगळ्या शाळा त्या साच्यात गेल्या. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. सुरुवातीला शिल्लक उरली तर ती चालकाला ठेवताही यायची, नंतर ते बंद केलं.

मी लागलो ती मुलांची इअदादी शाळा होती, म्हणजे सातवी ते नववी. पहिल्या आठवड्यात फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला, दोन बाजू दिल्या आणि इंग्रजीत लिहिलं, हायपोटेन्यूज काढा. वर्ग चिडीचूप. मला वाटलं पायथागोरस झालेलाच नाही, पाया कच्चा. मग मागच्या बाकावरचा एक उंच पोरगा उठला, फळ्यापाशी आला, तिरप्या रेषेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, 'उस्ताद, वतर?' वतर म्हणजे धनुष्याची दोरी. आपला कर्ण. मी मान हलवल्याबरोबर त्याने पंधरा सेकंदांत उत्तर काढलं. त्यांच्या थोरल्या भावांच्या पुस्तकात समीकरण उजवीकडून डावीकडे जायचं, आपल्या क्षच्या जागी 'सीन' हे अक्षर, आकड्यांची चिन्हंही वेगळी. माझ्या फळ्यावर सगळंच उलटं. आणि मी त्यांना 'कच्चे' असा शेरा मारून मोकळा होणार होतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावी सायन्सला गेलेल्या कुणालाही हे कळेल. माझी पहिली चाचणी अशीच गेली होती.

शेजारच्या वर्गावर एक इजिप्शियन शिक्षक होते, वीसेक वर्षांचा अनुभव. अरबीतून शिकवताना हा माणूस नट होता. अपूर्णांक शिकवायला खिशातून खजूर काढायचा. इंग्रजीची सक्ती झाल्यावर संध्याकाळी भाषेच्या वर्गाला जायचा आणि सकाळी पुस्तकातली वाक्यं वाचून दाखवायचा. मुलं त्याच्याकडे बघतच नसत. चालकाच्या दृष्टीने मात्र माझी किंमत जास्त, कारण माझं इंग्रजी फाडफाड. गणित आम्हा दोघांत कोण चांगलं शिकवतं हे आम्हा दोघांना माहीत होतं.

पालकांची ओरड वाढत गेली. २०१२ मध्ये गणित-विज्ञान परत अरबीत आणायचं ठरलं, आणि २०१६ पर्यंत 'स्वतंत्र शाळा' हा प्रकारच गुंडाळून शाळा पुन्हा मंत्रालयाखाली गेल्या. मला अरबी कामापुरतं बोलता येतं, शिकवता येत नाही. माझा करार संपला, नवा मिळाला नाही. नोकरी गेली म्हणून त्या निर्णयाला शिव्या द्यायला हव्यात, पण देववत नाहीत. मुलांच्या बाजूने तो बरोबर होता.

आता सर म्हणतील, पण निकाल तर सुधारले ना? सुधारले. पंधरा वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची आंतरराष्ट्रीय परीक्षा असते. त्यात गणितात कतारला २००६ साली ३१८ गुण होते, तळापासून दुसरा नंबर. २०१२ मध्ये ३७६, २०१५ मध्ये ४०२, २०१८ मध्ये ४१४, आणि २०२२ मध्येही ४१४. वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, शाळा अरबीकडे वळत असताना आणि पुढे मंत्रालयाकडे परत जात असतानाही आकडा चढतच होता. मग श्रेय नक्की कुणाला? दुसरी गोष्ट आम्हा शिक्षकांना रोज दिसते: या परीक्षेला कतारी मुलांबरोबर परदेशी मुलंही बसतात, आपल्या सीबीएसईवाल्या मुलांसकट, आणि ती सरासरी वर ओढतात. अमिरातीचंही तेच, २०२२ मध्ये गणितात ४३१. खासगी भारतीय आणि ब्रिटिश शाळांतली मुलं वगळून फक्त स्थानिक मुलांचा आकडा मागा, चित्र खाली येतं. 'खासगीकरणाने दर्जा वाढला' म्हणून दाखवतात त्यातला बराच भाग 'कोण परीक्षेला बसलं' याचा आहे.

दुबईची गोष्ट वेगळी. तिथे सरकारी शाळा कुणी सरसकट खासगी हातात दिल्या नाहीत. लोकसंख्येत बहुसंख्य परदेशी, त्यांच्यासाठी शाळा हव्या होत्या, त्या बाजाराने काढल्या. (खासगी पैशाची शाळा तिथे नवी नाही म्हणा. दुबईच्या देरा भागातली अल-अहमदिया शाळा १९१२ ची, मोत्यांच्या व्यापाऱ्याने काढलेली. आता तिचं संग्रहालय आहे. आणि आपल्या लोकांची इंडियन हायस्कूल १९६१ ची, म्हणजे अमिराती हा देश व्हायच्या दहा वर्षं आधीची.) आज दुबईतली दहातली जवळपास नऊ मुलं खासगी शाळेत आहेत. विशेष म्हणजे ज्यांना सरकारी शाळा फुकट आहे त्या अमिराती घरांतलीही निम्म्याहून जास्त मुलं फी भरून खासगीत जातात, बहुतेक अमेरिकन अभ्यासक्रमाच्या किंवा ब्रिटिश शाळांत.

इथे तुमच्या सरांचा मुद्दा मी मान्य करतो, पण त्याचं श्रेय बाजाराला देत नाही. २००६ मध्ये दुबईने ज्ञान आणि मानव विकास प्राधिकरण काढलं, सगळे 'केएचडीए' म्हणतात. २००८ पासून त्यांनी खासगी शाळांची तपासणी सुरू केली. २०२३-२४ पर्यंत माणसं येऊन काही दिवस बसायची, वह्या उघडायची, मुलांशी बोलायची, आणि अहवाल सगळ्यांना वाचायला संकेतस्थळावर टाकायची. शेरे ठरलेले, 'उत्कृष्ट' पासून 'अत्यंत कमकुवत' पर्यंत. फी किती वाढवायची हेही प्राधिकरण ठरवतं. २०२४-२५ साठी २.६ टक्के आणि २०२५-२६ साठी २.३५ टक्के हा मूळ दर ठरला होता. २०१८-१९ मध्ये तर फी गोठवलीच होती. मालकाला गिऱ्हाईक हवं, शेरा घसरला तर गिऱ्हाईक पळतं आणि फीवाढही अडते. या धाकाने मी डोळ्यांदेखत शाळा सुधारताना पाहिल्या आहेत. प्रयोगशाळेच्या कपाटांची कुलपं निघाली, अपंग मुलांना प्रवेश मिळायला लागला. हे काम परवाना रद्द करू शकणाऱ्या सरकारी तपासनिसाने केलं, आणि तो काढून घेतला तर काय उरेल याची मला चांगली कल्पना आहे.

पण या तपासनिसालाही एक गोष्ट आजवर नीट जमलेली नाही. अरबी.

अहवाल काढून बघा. गणित, विज्ञान, इंग्रजी यांच्या रकान्यात 'उत्कृष्ट', 'खूप चांगलं' असे शेरे, आणि त्याच शाळेत अरबीसमोर 'स्वीकारार्ह'. वर्षानुवर्षं. मागे तिसरीचा अरबीचा एक तास बघायला बसलो होतो. पुस्तकात कोंबडीचं चित्र, खाली शब्द 'दजाज', ही ग्रांथिक अरबी. शिकवणारे इजिप्तचे, बोलता बोलता त्यांच्या तोंडून 'फिराख' निघालं, त्यांच्या घरचा शब्द. समोरचा अमिराती मुलगा, त्याची आजी कोंबडीला 'दियाय' म्हणत असणार, कारण तिकडे जचा य होतो. तीन अरबी शब्द एका खोलीत. सरांनी विचारलं, हे काय आहे? पोरगं म्हणालं, 'चिकन.'

वर्ग हसला, मीही हसलो. संध्याकाळी गाडी चालवताना मात्र ते डोक्यातून जाईना. हा मुलगा स्वतःच्या देशात आहे, राज्य त्याच्या लोकांचं, पैसा आहे, कायद्याने अरबी सक्तीची आहे. तरी घरात सांभाळणारी बाई फिलिपिन्सची, मैदानावर इंग्रजी, टॅबवर इंग्रजी, आणि शाळेत अरबी हा उरकायचा तास.

हे असं का होतं? बाजारात ज्याला गिऱ्हाईक आहे तेच शिकवलं जातं, एवढं साधं आहे. पालक फी भरतात ती इंग्रजीसाठी आणि पुढच्या विद्यापीठासाठी. अरबी बुडाली म्हणून कुणी दाखला काढून नेत नाही. एका शाळेत मी पाहिलं, त्याच इयत्तेला इंग्रजी शिकवणाऱ्या ब्रिटिश बाईंना घर, वर्षाचं विमानाचं तिकीट, भरघोस पगार. अरबीच्या शिक्षकांना त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि पाळ्याही त्यांच्याच वाट्याला जास्त, बसची पाळी, जेवणाच्या सुट्टीची पाळी. मग चांगला अरबी शिक्षक तिथे कशाला टिकेल? पासपोर्ट बघून पगार ठरतो हे आखातात उघड गुपित आहे, आम्ही भारतीयही त्याच उतरंडीवर.

पालकही काही भाबडे नाहीत. अरबी दोन पातळ्यांवर शिकवतात, अरब मुलांना मातृभाषा म्हणून आणि बाकीच्यांना परकी भाषा म्हणून. दुसरी अर्थात फार सोपी. एक पॅलेस्टिनी वडील आमच्या कचेरीत आले, मुलाचा कॅनडाचा पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, हा कॅनेडियन आहे, याला परक्यांच्या वर्गात टाका. मुलगा शेजारीच बसला होता. आमच्या अरबी विभागप्रमुखांनी त्याला अरबीत विचारलं, तुला काय वाटतं? तो वडिलांकडे बघत राहिला. त्या वडिलांना मी दोष देत नाही. मुलाचे एकूण गुण खाली आले की विद्यापीठाचं दार बंद, हा हिशेब त्यांनी केला होता, आणि तो चुकीचा नव्हता.

म्हणून सरकारला पुन्हा मध्ये पडावं लागलं. २०२५ पासून दुबईने खासगी शाळांत चार ते सहा वर्षांच्या मुलांनाही अरबी सक्तीची केली. आपल्याकडे २०२० मध्ये सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा करावा लागला, तो याच दुखण्यावर. सक्तीने तास मिळतो. त्या तासाला दमाचा शिक्षक मिळायचा तर पगारपत्रकाला हात घालावा लागतो, आणि तिथे मालक हात लावू देत नाही.

आता परक्या अरबांकडे येतो, कारण त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त मार त्यांनाच बसलाय. अमिराती बापाला खासगी शाळा आवडली नाही तर मुलाला सरकारीत घालता येतं. श्रीमंत लेबनीज घर ब्रिटिश शाळेची वर्षाला साठ-सत्तर हजार दिरहम फी भरतं. पण इजिप्शियन हिशेबनीस, सीरियन मेकॅनिक, जॉर्डनी नर्स यांची मुलं कुठे जाणार? मंत्रालयाचा अभ्यासक्रम अरबीतून शिकवणाऱ्या स्वस्त खासगी शाळा त्यांच्यासाठी होत्या. या शाळांचे शेरे बहुधा 'स्वीकारार्ह' वर अडकलेले. फी कमी म्हणून शिक्षक कमी पगाराचे, म्हणून शेरा वाढत नाही, म्हणून फी वाढवता येत नाही. विहिरीतल्या बेडकासारखी गत. कितीही उडी मारा, पाणी तेवढंच. अशी एखादी शाळा बंद पडली की ती कुटुंबं मुलांना आमच्यासारख्या स्वस्त भारतीय शाळांत आणतात. माझ्या वर्गात सीरियन मुलं होती, हिंदी शिकत होती. गोड बोलायची, पण त्यांच्या आईला पालकसभेत एक अक्षर कळायचं नाही आणि मुलगाच दुभाषा व्हायचा, स्वतःची तक्रार स्वतःच भाषांतरित करून सांगायचा. अर्थात गाळून!

वर फी किती चढू शकते विचाराल तर दुबईत वर्षाला दोन लाख दिरहमच्या वरची फी असलेली शाळाही निघाली आहे. खाली दहा हजारांच्या आतल्या शाळा आहेत. या दोन टोकांमधली मुलं एकमेकांना मॉलमध्येच दिसली तर दिसतात.

एवढं सगळं असूनही कतार-दुबईचं तसंच्या तसं आपल्याकडे लावू नका. तिथे नागरिक थोडे आणि तिजोरी भरलेली, प्रयोग फसला तर सरकार काही वर्षांनी पैसे ओतून मागे फिरू शकतं, कतारने तेच केलं. अबू धाबीने २००६ च्या सुमारास सरकारी शाळांत परदेशी कंपन्या आणल्या, मग त्या काढल्या, मग २०१९ मध्ये सरकारी पैसा आणि खासगी चालक असा नवा प्रकार आणला. २०२२ मध्ये अमिरातीच्या केंद्र सरकारने काढलेल्या 'अज्याल' नावाच्या शाळाही त्याच धर्तीवर निघाल्या. इतक्या कोलांट्या झेपतात कारण पैसा आहे. गरीब अरब देश बघायचा तर इजिप्त बघा. ताहा हुसेन शिक्षणमंत्री असताना १९५० मध्ये तिथे माध्यमिक शिक्षणही फुकट झालं. सरकारी शाळा आजही कागदावर फुकट आहेत. पण माझे इजिप्शियन सहकारी सांगतात, शिक्षक वर्गात अर्धं शिकवतो, उरलेलं संध्याकाळी शिकवणीला, पैसे घेऊन. बारावीच्या वर्षाला वर्ग ओसच. तिथे खासगीकरणाचा जीआर कुणी काढला नाही, पगार इतके खाली राहू दिले की ते आपोआप झालं. तुमच्या तालुक्यात रिकाम्या जागा किती आणि मानधनावर किती जण आहेत ते मोजलंत तर हे उदाहरण दुबईपेक्षा जवळचं वाटेल.

तेव्हा स्टाफरूममध्ये सरांना सांगा, दुबईत सुधारणा दिसते ती कडक, उघड तपासणीमुळे आणि ज्यांच्याकडे फी आहे त्यांच्यापुरती. बाईंना सांगा, मुलांची वाट लागली असं सरसकट म्हणता येत नाही. इंग्रजी आणि गणित बऱ्याच जणांचं सुधारलं, अरबी गेली, आणि कमी फीच्या शाळांतली परक्या अरबांची मुलं अडकली. आणि तुमच्या शाळेबद्दल कुणी कागद घेऊन आलं तर मी या क्रमाने विचारीन: शिक्षक कोण नेमणार आणि पगार कोण देणार? माध्यम बदलायचा अधिकार कुणाला? तपासणी कोण करणार, आणि तिचा अहवाल पालकांना मराठीत वाचायला मिळणार का? देणगीदार किंवा चालक तीन वर्षांनी निघून गेला तर सोमवारी शाळा कोण उघडणार? शेवटचा प्रश्न दोह्यात आम्ही कुणीच विचारला नव्हता.

कराराचा किंवा आदेशाचा मसुदा हाती आला तर नावं खोडून इथे टाका. शुक्रवारी आमची शाळा अर्धाच दिवस असते, दुपारी निवांत वाचून कळवतो.